तिशीचा झाडू

आमच्या ब्रेमेनात पुरुषाने तिशी गाठली आणि लग्न झालेलं नसलं, की वाढदिवसाच्या दिवशी त्याला कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडाव्या लागतात. मित्र बिअरच्या बाटल्यांची झाकणं पोत्याने ओततात, हा झाडतो, ते पुन्हा ओततात. कुणा कुमारिकेने येऊन गालाचा मुका घेतला की सुटका. बायकांना पायऱ्या नाहीत, त्यांना दाराच्या मुठी घासायला लावतात. मी घासल्या आहेत. माझ्या मैत्रिणींनी मुठींना मोहरीची चटणी फासून ठेवली होती आणि मी पोट दुखेपर्यंत हसले होते. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही हिल्के मुळातच तिरसट, हिला मेलीला गंमत कळत नाही. गंमत कळते मला. माझा राग गमतीवर नाही, माल्टेवर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी मासे विकते. कॅथेड्रलला लागून जो चौक आहे तिथे बाजार भरतो, त्यात माझा ठेला. पायऱ्या कोपऱ्याआड आहेत, दिसत नाहीत, पण झाडताना दांडा फिरवून जी पेटी वाजवतात तिचा आवाज येतो. शनिवारी कुणी ना कुणी तीस वर्षांचा होतोच. पेटी वाजायला लागली की मी म्हणते, चला, आणखी एक बिचारा.

टाम्मो माझा धाकटा भाऊ. मी शाळा संपवत होते तेव्हा हा पाळण्यात होता, त्यामुळे अर्धा मीच वाढवलाय. वेझर नदीवर एक छोटी फेरीबोट आहे, शहराच्या काठावरून पलीकडच्या वाळूपर्यंत माणसं आणि सायकली नेणारी, ती तो चालवतो. हा काठ, तो काठ, पुन्हा हा काठ. लोक विचारतात कंटाळा येत नाही का. तो म्हणतो, "येणारी माणसं वेगळी असतात." एवढंच. टाम्मोच्या तोंडून एका दमात दोन वाक्यं निघाली तर त्या दिवशी आमच्याकडे केक कापायला हवा. आई म्हणायची, याचं पोटातच बोलून झालंय.

त्या पलीकडच्या काठाला लोकांचे छोटे छोटे भाड्याचे बगीचे आहेत. कुणी सफरचंदं लावतं, कुणी कोबी. फ्राउकेचा तिथे एक तुकडा होता. सायकलच्या मागे टोपली बांधून ती रोज यायची, जाताना खत, येताना भाजी. हिवाळ्यात फेरीवर सहसा कुत्रं फिरकत नाही, पण ही यायची, केल नावाच्या कुरळ्या पालेभाजीची जुडी टाम्मोच्या पायाशी टाकायची आणि म्हणायची, "भाडं." तो म्हणायचा, "भाडं तिकिटाचं असतं." ती म्हणायची, "मग हे तुझं." त्यांचं प्रेम याच्यावर जमलं. मला त्याने सांगितलं तेव्हा फक्त एवढं म्हणाला, "हिल्के, मला आता केल आवडते." मी म्हटलं, गाढवा, नाव काय तिचं.

वर्ष कसंबसं झालं असेल. मग फ्राउकेच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी आधी एक सांगितलं, मग दुसरं, मग खाली मान घालून तिसरं. फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं, इस्पितळातल्या खोलीत. नोंदणी करणारा अधिकारी तिथे आला. साक्षीला मी आणि एक परिचारिका. फ्राउकेच्या अंगात राखाडी स्वेटर, कारण तिला सारखी थंडी वाजायची. अधिकाऱ्याने विचारलं आणि तिने हो म्हटलं, पण इतकं हळू की त्याला ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा विचारावं लागलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. दुसऱ्यांदा तिने सगळा जीव गोळा करून म्हटलं, आणि मग हसली. ईस्टरच्या आधी ती गेली.

आजाराचं, लग्नाचं कुणाला सांगायचं नाही हे फ्राउकेचंच म्हणणं. ती म्हणायची, लोक येतात, पलंगाच्या कडेला बसतात, आणि तोंड असं लांब करतात की आपणच त्यांना धीर द्यायचा. ती गेल्यावर टाम्मोनेही तेच धरून ठेवलं. मला म्हणाला, "तू कुणाला बोलू नकोस. वचन दे." मी दिलं. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

आता हा माल्टे. माल्टे, ओन्नो आणि टाम्मो पहिलीपासूनचे. आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचे बटाटे खाऊन वाढलेली पोरं. माल्टे म्युनिकला गेला, तिथे जाहिरातींचं काहीतरी करतो. ओन्नो फ्रँकफुर्टला बँकेत. दोघांची लग्नं झाली. तिघांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात हे दोघं पोरांचे, स्कीच्या सहलींचे, नव्या स्वयंपाकघरांचे फोटो टाकतात आणि टाम्मो अंगठा टाकतो. वर्षानुवर्षं अंगठा. ओन्नोचं लग्न मार्चमध्ये होतं, त्याला टाम्मो गेला नाही. 'जमत नाही, काम आहे,' एवढं लिहिलं. त्या आठवड्यात फ्राउकेला चमच्याने पाणीसुद्धा जात नव्हतं. माल्टेने ग्रुपवर लिहिलं, 'शंभर मीटरची नदी, आणि साहेबांना वेळ नाही.' खाली हसणारे चेहरे. मी टाम्मोच्या फोनवर वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाम्मोने त्यालाही अंगठा टाकला होता.

ऑगस्टमध्ये माल्टेचा मला फोन आला. ठेल्यावर गर्दी, माझे हात हेरिंग माशांनी माखलेले, फोन खांद्यात धरलेला.

"हिल्के, टाम्मो सप्टेंबरात तीसचा होतोय. आम्ही सगळे येतोय. बायकांना ब्रेमेन दाखवायचंच आहे, दोन्ही कामं होतील. त्याच्या डोक्याचं माप काय गं? उंच काळी टोपी भाड्याने घ्यायचीय."

मी म्हटलं, "माल्टे, हे राहू दे यंदा."

"का?"

आता काय सांगू? जिभेवर आलेलं गिळलं. "त्याला नको असेल."

"कुणाला हवं असतं? मलाही नको होतं, म्हणून तर एकोणतिसाव्या वर्षी लग्न केलं." हसला. "तू ना, हिल्के, वय झालं तुझं. रिवाज आहे आपला."

मी पुन्हा म्हटलं, "त्याला एकदा फोन कर. नुसता बोल त्याच्याशी, टोपीचं सोड."

"फोन केला तर कळेल ना त्याला. मग गंमत काय राहिली." आणि पुन्हा माप विचारलं. मी फोन ठेवला. समोर एक म्हातारी उभी होती, तिच्या हातात मी चुकीचा मासा दिला आणि ती काही न बोलता घेऊन गेली, माझा चेहराच तसा असणार.

त्या संध्याकाळी मी फेरीवर गेले. टाम्मोला म्हटलं, ते झाडू घेऊन येतायत. सांगून टाक त्यांना, नाहीतर मी सांगते.

"नको," तो म्हणाला.

"अरे, लग्न झालेल्या माणसाला पायऱ्या झाडायला लावत नाहीत. तो रिवाजच नाही."

त्याने दोर सोडला, इंजिन चालू केलं, नदीच्या मध्यापर्यंत बोट नेली. मग म्हणाला, "सांगितलं की ते तसं तोंड करतील. इस्पितळात मी ते तोंड रोज बघितलं. फ्राउकेच्या गल्लीतली बेकरीवाली अजून करते. हिल्के, एक दिवस मला असा पाहिजे की कुणी तसं तोंड करणार नाही. ते हसतील, मला गाढव म्हणतील. मला तेच पाहिजे. तासाभराचं तर काम आहे."

ही एवढी वाक्यं टाम्मोच्या तोंडून. भावाला एक दिवस पाहिजे होता, पूर्वीसारखा. तो मिळावा म्हणून मी ओठ शिवून घेतले. पण आतून जळत होते, कारण मला दिसत होतं की तो दिवस त्याला कुणी मिळू देणार नाही.

ते शुक्रवारी आले. दोन जोडपी, आणि माल्टेच्या बायकोच्या, स्वेन्याच्या, दोन मैत्रिणी. शनिवारी सकाळी सगळे निघाले शहर बघायला, पुढे माल्टे, मागे टाम्मो. माझ्या ठेल्यावरून दोनदा गेले. माल्टे इथे जन्मला, इथे त्याचे दुधाचे दात पडले, पण म्युनिकला दहा वर्षं काय राहिला, आपल्याच गावात पाहुण्यासारखा मान वर करून चालत होता. रोलांडच्या पुतळ्यापुढे फोटो. नगरभवनाच्या कोपऱ्यावर गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे आहेत, त्या गाढवाचे पुढचे पाय सगळे घासतात, तिथे फोटो. स्वेन्याने गाढवाचा एकच पाय धरला तर माल्टे म्हणाला, "दोन्ही धर, एक धरला तर आम्ही म्हणतो गाढव गाढवाला भेटलं." टाम्मोही हसला. खरं सांगते, हसला. मी मासे कापता कापता मान वाकडी करून बघितलं, आणि क्षणभर वाटलं, असू दे, कदाचित याचंच बरोबर असेल.

मग ते नदीवर गेले. हे मला नंतर ओन्नोने सांगितलं. फेरी त्या दिवशी टाम्मोचा सोबती चालवत होता. माल्टेने टाम्मोला त्याचं कामाचं जाकीट घालायला लावलं, सुकाणूपाशी उभं केलं, आणि सगळ्यांनी त्याच्यासोबत आळीपाळीने फोटो काढले, जसे गाढवासोबत काढले तसे. स्वेन्याच्या मैत्रिणीने विचारलं, पलीकडे काय आहे. टाम्मो म्हणाला, बगीचे. ती म्हणाली, जाऊया का बघायला, किती गोड. टाम्मो म्हणाला, तिथे काही बघण्यासारखं नाही. माल्टे म्हणाला, "तुझ्यासारखंच म्हण की." फ्राउकेचा तुकडा अजून टाम्मोकडेच आहे. तिने राखून ठेवलेल्या बियांची केल त्याने लावली होती, ती तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती.

दुपारी पेटी वाजायला लागली.

मी कानाला काहीतरी बांधायला हवं होतं. गिऱ्हाईक सांगत होतं अर्धा किलो, मी पाऊण तोलत होते. चौकाच्या कडेला आमच्याकडे एक दगड आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विष घालणाऱ्या एका बाईचं डोकं जिथे उडवलं तिथला. जाता-येता लोक त्याच्यावर थुंकतात, अजून. मी हात पुसले, गेले आणि माल्टेच्या नावाने एकदा थुंकले. बरं वाटेना म्हणून पुन्हा थुंकले. मग परत न जाता तशीच कोपरा वळून पायऱ्यांकडे गेले, रबरी बूट, मासळीचा एप्रन, सगळ्यासकट.

गर्दी झाली होती. आमची माणसं थोडी, बाकी सहलीचे, फोन उंच धरलेले. टाम्मो मधल्या पायरीवर, शेपटीचा काळा कोट, टोपी कानांवर आलेली, कारण माप मी दिलंच नव्हतं. हातात झाडू, त्याला चार काड्या. झाडायचा, आणि वरून ओन्नो पुन्हा झाकणं ओतायचा. लोक टाळ्या वाजवत होते. टाम्मो कपाळाचा घाम पुसून हसत होता. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. इथे एखादी मुलगी पुढे आली असती, मुका घेतला असता, बिअर प्यायली असती आणि घरी गेले असते, तर मी आज काही बोलले नसते.

पण माल्टे जाहिरातवाला. त्याला साधं चालतं कुठे. त्याने कागद काढला आणि टाम्मोच्या आयुष्यावर यमकं जुळवलेलं काव्य वाचायला लागला. टाम्मो पाण्यात पडला, टाम्मो गणितात नापास झाला. लोक हसत होते. मग आलं, ओन्नोच्या लग्नाला टाम्मो आला नाही, कारण त्याचं लग्न होडीशी झालंय, आणि ती त्याला रात्रीचं सोडत नाही. सगळ्यात मोठ्याने ओन्नोच हसला. टाम्मोचा झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"तेव्हा मंडळी," माल्टे म्हणाला, "कुमारिका येईपर्यंत आपण याचं लग्न लावून टाकू."

स्वेन्याने पिशवीतून नवरीचा पांढरा जाळीचा पदर काढला आणि एका चांगल्या नव्या झाडूच्या डोक्यावर बांधला. ओन्नोने गळ्यात कागदाची पांढरी पट्टी अडकवली, पाद्री झाला. झाडू टाम्मोच्या शेजारी उभा केला.

"टाम्मो," ओन्नो नाकात बोलत होता, "या झाडूला तू बायको म्हणून स्वीकारतोस का? सुखात, दुःखात, आजारपणात?"

लोक वाट बघत होते. टाम्मोचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"ऐकू आलं नाही," माल्टे ओरडला. मग गर्दीकडे वळून हात वर केले. "ऐकू आलं का?"

"नाही," गर्दी म्हणाली.

"मोठ्याने म्हण," माल्टे म्हणाला. "पुन्हा विचार रे ओन्नो."

मी तेव्हा पाहिलं टाम्मोकडे, आणि मला कळलं की आता संपलं. त्याने टोपी काढली. पायरीवर ठेवली, नीट. म्हणाला, "मला हे झाडता येणार नाही. माझं लग्न झालंय."

हशा पिकला. काय पिकला म्हणून सांगू. माल्टे पोट धरून हसला. "कुणाशी, बाबा? होडीशी ना? तेच सांगतोय मी."

"फ्राउकेशी," टाम्मो म्हणाला.

"फ्राउके," माल्टे म्हणाला, तोंडात नवा पदार्थ चाखल्यासारखा. मग गर्दीकडे वळला. "नवरी इथेच आहे म्हणे, मंडळी. बोलवा तिला. फ्राउके, फ्राउके."

आणि सहलीच्या त्या गर्दीने, ज्यांना धड आमची भाषाही येत नव्हती, टाळ्यांच्या ठेक्यावर नाव घ्यायला सुरुवात केली. फ्राउके, फ्राउके. पेटीवाला अधिक जोरात दांडा फिरवायला लागला. टाम्मो माल्टेच्या जवळ गेला आणि काहीतरी बोलला, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. पण मी माल्टेचा चेहरा पाहिला. ओन्नोने गळ्यातली पट्टी ओढून काढली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी हात तोंडावर नेले. आणि मागे लोक नाव घेतच होते. फ्राउके, फ्राउके, फ्राउके.

मी माणसं ढकलत वर गेले आणि पेटीच्या दांड्यावर हात दाबला. माशांचे खवले चिकटले असतील त्याच्या पेटीला, असू देत. मग वळून म्हटलं, "गप्प बसा सगळे. बास झालं. जा आपापल्या घरी." मी बाजारात ओरडणारी बाई आहे, माझा आवाज नदीपलीकडे जातो. कुणाला भाषा कळली नसेल, पण सगळे गप्प झाले. फोन मात्र खाली गेले नाहीत. एकाचा मी हाताने खाली केला.

टाम्मोने चार काड्यांचा झाडू टाकून दिला. नव्या झाडूवरची जाळी सोडली, घडी घालून स्वेन्याच्या हातात दिली, आणि त्या झाडूने झाकणं गोळा करायला लागला. पायऱ्या घाण ठेवून जायचं नसतं. ओन्नो गुडघ्यावर बसून हातांनी झाकणं वेचत होता आणि रडत होता. टाम्मोने त्याला वेचू दिलं. माल्टे माझ्याकडे आला.

"तू का नाही सांगितलंस?" मला म्हणाला. मला. "हिल्के, तुला माहीत होतं, आणि तू आम्हाला हे करू दिलंस?"

मी आयुष्यात कुणाच्या कानाखाली वाजवली नाही. त्या दिवशी हात शिवशिवत होता. म्हटलं, "मी तुला म्हटलं राहू दे. म्हटलं फोन कर. तू मला त्याच्या डोक्याचं माप विचारलंस, माल्टे. दोनदा विचारलंस. तो कसा आहे हे एकदाही विचारलं नाहीस."

"तो कधी काही लिहीत नाही."

"तो जन्मात कधी बोलला आहे का? माझ्या स्वयंपाकघरात बसायचास तेव्हा त्याचा ताप तुला आधी कळायचा, मग मला. तेव्हा तुला कुणी लिहून कळवत होतं?"

तो तसं तोंड करून उभा राहिला. अगदी तेच तोंड, जे टाम्मोला नको होतं. हळूहळू सगळ्यांची तोंडं तशी झाली, स्वेन्याचं, तिच्या मैत्रिणींचं, पेटीवाल्याचंसुद्धा. माझ्या भावाला एक दिवस पाहिजे होता, तो असा गेला.

नंतर आम्ही एका खानावळीत बसलो. कुणी जेवत नव्हतं. स्वेन्या म्हणाली, तिला कुठे ठेवलंय. टाम्मोने दफनभूमीचं नाव सांगितलं. ओन्नो म्हणाला, आत्ता जाऊया. माल्टे लगेच उठला, कोट घातला. "सगळे जाऊ. वाटेत फुलं घेऊ. गाडी परवा सकाळची आहे, वेळ आहे आपल्याकडे." बाकीचेही उठले. त्यांना बरं वाटलं होतं, काहीतरी करायला मिळालं म्हणून. स्वेन्याची मैत्रीण फोनवर बघत होती तिथे ट्राम जाते का.

"बसा," टाम्मो म्हणाला.

मी माझ्या भावाला त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सगळे बसले.

"ती बघायची जागा नाही," तो म्हणाला. "सकाळपासून तुम्ही बघताय. रोलांड बघितला, गाढव बघितलं, फेरी बघितली, मला बघितलं. आता तिला बघायला निघालात. ती यादीत नाही." त्याने समोरचा बिअरचा ग्लास बाजूला सारला. "तुम्ही माझे मित्र ना? मग सहल काढून येऊ नका माझ्याकडे. माझा वाढदिवस नसेल, शहरात बघण्यासारखं काही नसेल, पाऊस पडत असेल, तेव्हा या. एकेकटे या. घंटी वाजवा. मी कॉफी करीन."

मग तो उठला, आपल्या बिअरचे पैसे ठेवले आणि निघून गेला. पाठोपाठ मीही निघाले. माल्टे म्हणाला, "हिल्के, थांब ना." मी थांबले नाही.

ऑक्टोबर गेला. ग्रुपवर कुणी फोटो टाकेना. ओन्नोने टाम्मोला लांबलचक पत्र लिहिलं, मला वाटतं चांगलं असावं, टाम्मोने ते फेरीवर सुकाणूपाशी खोचून ठेवलंय. माल्टेकडून काही नाही. मी म्हणत होते, बघ, हीच यांची लायकी. टाम्मो फेरी चालवत होता.

नोव्हेंबरात, आमच्याकडे पाऊस आडवा येतो तेव्हा, एका मंगळवारी माझी घंटी वाजली. दारात माल्टे. एकटा. केसांतून पाणी गळतंय, बूट भिजलेले.

"टाम्मोच्या घरी गेलो होतो," म्हणाला. "घंटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे."

"तिथून तो कधीच गेला. लग्न झाल्यावर फ्राउकेच्या घरी राहायला गेला."

"मला पत्ता माहीत नाही, हिल्के." पहिलीपासूनचा मित्र, आणि पत्ता माहीत नाही. त्याला स्वतःलाच ते त्या दारात उभं राहून कळलं असावं. "सकाळपासून फिरतोय. फोन करून विचारायची लाज वाटली."

मला दया यायला हवी होती. आली नाही. अजून माझ्या कानात ते टाळ्यांवरचं नाव होतं. मी पत्ता सांगितला. पूल ओलांडून परत शहराच्या बाजूला जा, मग नदीच्या काठाने सरळ, तिसरी गल्ली. फेरी आज बंद आहे, चालत जावं लागेल.

"लांब आहे का?"

"आहे."

माझी गाडी दारातच उभी होती, त्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्यामागे खुंटीवर टांगलेल्या छत्र्यांकडे बघितलं, आणि विचारलं, एक मिळेल का. मी नाही म्हटलं.

तो कॉलर वर करून निघाला. पुलाच्या दिशेने वळेपर्यंत मी दारात उभी राहून बघितलं. मग आत आले, टाम्मोला फोन केला आणि म्हटलं, एक जण भिजत येतोय, टॉवेल काढून ठेव.